अनोळखी हमाल हवेत

कपाटाखालून घरंगळत आलेलं ते काळं रबरी बूच उलबोसिननं उचललं—खुर्चीच्या पायाचं, बहुतेक—आणि दोन बोटांत धरून ती बघत राहिली, की हे नेमकं कुठल्या खुर्चीचं असावं. खोलीत खुर्च्या पुष्कळ, त्यांतल्या निम्म्या लंगड्या, आणि इतकी वर्षं जी खुर्ची टक-टक करायची तिच्या पायाखाली कुणी कागदाची घडी सारली, कुणी बाटलीचं झाकण, आणि हे बूच मात्र इथे, भिंतीपासून हातभर अंतरावर, धुळीत निवांत पडलेलं... सापडलं केव्हा, तर ऑफिसच उठायला निघालं तेव्हा. तिनं ते कोटाच्या खिशात टाकलं, मग खिशात कशाला म्हणून काढलं, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं.

ऑफिस गाव सोडून चाललंय हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. समुद्राच्या तळाची खोली मोजून जहाजांना वाट आखून देणारी कंपनी, तिची ही तास्कुदुकची शाखा—धक्क्याजवळची एकमजली दगडी इमारत, वाऱ्याच्या बाजूनं रंग पार उडालेला—आता दोन तासांवरच्या आक्ताउ शहरातल्या मोठ्या ऑफिसात जाऊन मिसळायची होती. मोजणारी माणसं एकेक करून आधीच गेली. उरलं होतं ते फर्निचर, नकाशांची लांबलचक कपाटं, एक भलीथोरली लोखंडी तिजोरी, आणि उलबोसिन. चाव्या, पडदे, चहा, दिवे, कोण आलं आणि कोण गेलं, हे सगळं जिच्याकडे असायचं ती. साहेबांचा आक्ताउहून फोन आला होता, सामान हलवून देणारी कंपनी शोधा. "कंपनी म्हणजे कंपनी हं, उलबोसिन. गावातले चार भाऊबंद आणि एक खटारा ट्रक नकोय मला. करार पाहिजे, शिक्का पाहिजे, काही फुटलं तर धरायला माणूस पाहिजे." आणि फोन ठेवता ठेवता, "सामानाबरोबर तुम्ही येताच आहात, ते मी धरून चाललोय." तिनं "हो" म्हटलं होतं. इतक्या पटकन म्हटलं की आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा तिला वाटला, आणि मग रात्रभर... नाही, रात्रभर झोप चांगली लागली होती, खोटं कशाला बोला.

ते 'हो' तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे सासूला सांगितलं नव्हतं. या गावात एकाला सांगितलं की तेच झालं.

पण तास्कुदुकमध्ये सामान हलवून देणारी कंपनी शोधायची म्हणजे वाळूत मासे शोधायचे. इथे घर हलवायचं असलं की माणसं शोधावी लागत नाहीत, ती टाळावी लागतात. नुसती बातमी फुटायचा अवकाश, सकाळी दारात सगळे पुरुष बाह्या सारून हजर—कुणी दोर घेऊन, कुणी फळी घेऊन, कुणी नुसताच सूचना द्यायला—आणि बायका बाउरसाकच्या, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांच्या, परातीच्या पराती घेऊन. याला पैसे विचारायचे नसतात, विचारले तर माणूस वर्षभर बोलत नाही. वादळानं खालच्या आळीत पाणी शिरलं त्या वर्षी त्यांचं घर वरच्या आळीला नेलं, तेव्हा चहाच्या पाण्याचा उकळता समोवार विझवायलाही कुणी थांबलं नव्हतं, दोघांनी तो तसाच वाफाळता रस्त्यानं मिरवत नेला होता, आणि देमेउ, तिचा नवरा, पुढे पुढे उलटा चालत हसत होता... उलटा चालताना खड्ड्यात पडला होता... ते जाऊ दे. सांगायचं ते असं, की इथली माणसं सामान उचलतात ती तोंड बंद ठेवून नाही. उचलता उचलता विचारतात. हे कपाट कुठे, ती तिजोरी कुठे, आणि वहिनी, तुझं काय?

म्हणून अनोळखी हमाल हवे होते. पैसे घेणारे, मुकाट उचलणारे, तिच्याकडे कपाटाकडे बघावं तसं बघणारे. ऑफिसच्या सामानात तिचा एक पलंग, एक शिवणयंत्र आणि कपड्यांची पेटी चढली असती, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली असती, आणि मग... मग घरी कळलं असतं. कसं, हे तिनं ठरवलं नव्हतं. थोरला दीर गावातच आहे, त्याचं घर मोठं आहे, सासूला तिथे काही कमी पडलं नसतं. कुणी म्हातारीला वाऱ्यावर सोडतंय असं नव्हतं. हे सगळं तिनं मनात इतक्यांदा मांडून ठेवलं होतं की आता त्याची धार गेली होती.

आक्ताउमध्ये तिनं एक खोली बघून ठेवली होती. पाचव्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसतात, दुसरं काही नाही. त्या खोलीत ती काय करणार होती हे कुणी विचारलं असतं तर तिला लाजच वाटली असती. चहा पिणार होती. एवढंच. लग्न होऊन आली तेव्हापासून चहा ओतायचं काम तिचं, आणि चहा ओतायचा तो पेल्याच्या तळाला, दोन घोट. मान द्यायचा तर थोडा ओतायचा, पुन्हा पुन्हा ओतायचा, पेला भरून दिला की त्याचा अर्थ उठा आता. सासूला दिवसातून किती पेले, पाहुण्यांना किती, देमेउ गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आलेल्या माणसांना किती—दोन दोन घोट, दोन दोन घोट, स्वतःचा पेला शेजारी निवत. त्या पाचव्या मजल्यावर एक काठोकाठ भरलेला पेला घेऊन, दिवा चालू ठेवून, मी उभ्यानं चहा पिणार आहे. मग धुणारही नाही तो. तसाच राहू दे सकाळपर्यंत.

ट्रकचा आवाज आला आणि पाठोपाठ कोझान. शेजारी, देमेउहून धाकटा, म्हणजे गावाच्या हिशेबानं दीर. म्हणून ती त्याची झेंगे, वहिनी, आणि वहिनीची थट्टा करायचा परवाना त्याच्याकडे जन्मापासूनचा.

"झेंगे, ऐकलं ते खरं का? शहरातनं भाड्याचे हमाल आणतेयस म्हणे?"

"कंपनी पाहिजे. साहेबांचा हुकूम आहे."

"आणि आम्ही काय मेलो होतो? ही तिजोरी माझ्या बापानं आत आणली होती, ठाऊक आहे? भिंत पाडून आणली होती. तुझे ते पगारी लोक दारातनं काढणार का काय हिला?"

"शिक्का लागतो, कोझान. तुझ्याकडे शिक्का आहे का?"

"उंटाच्या ढुंगणावर आहे एक. चालेल?"

ती हसली. हसू आलंच. तो तिजोरीवर हात टेकून उभा राहिला, वजन अजमावावं तसं जरा ढकलून बघितलं त्यानं, आणि मग वळून, अगदी सहज, "ऑफिस गेल्यावर तू काय करणार मग?"

"काय करणार? चाव्या देईन, घरी बसेन. आपांना चहा ओतीन."

"बरंय. तुझ्या म्हाताऱ्या सासूचं नशीब चांगलं," कोझान म्हणाला आणि गेला. ट्रक सुरू होईपर्यंत ती खिडकीत हात हलवत उभी होती. खोटं किती सोपं असतं, नुसतं रोजचं आयुष्य सांगायचं.

दुपारी तिनं फोन लावला. आक्ताउमधली एक कंपनी तिला मोबाइलवर शोधून सापडली होती, निळ्या गाड्यांचे फोटो, एकसारखे शर्ट घातलेली माणसं, सगळी हसणारी आणि एकही ओळखीचं तोंड नाही. पलीकडून तरुण आवाज आला, नीट अदबीनं बोलणारा. ताई, किती कपाटं? ताई, काच किती? तिनं सांगितलं. तिजोरीचं सांगितलं, भिंतीचंही सांगितलं, तो "बापरे" म्हणाला पण घाबरला नाही. बोलणं कसं छान चाललं होतं—तिच्या लक्षात आलं की अनोळखी माणसाशी आपण इतकं सलग बऱ्याच दिवसांत बोललो नाही, नुसतं वस्तूंबद्दल, लांबी रुंदी, जड हलकं.

"आणि थोडं घरगुती सामान आहे. एक पलंग, शिवणयंत्र, एक पेटी. ते वेगळं उतरवायचं. पाचवा मजला."

"उतरवू ताई. ऑफिस गावात नेमकं कुठे?"

"धक्का ओलांडलात की उजवीकडे. मोठ्या पाण्याच्या अगदी काठाला."

"मोठं पाणी?" पलीकडचा आवाज अडखळला.

तिला तेव्हाच कळलं. तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, पण तिनं ओठ मिटले, जणू घेता येईल. तिच्या सासऱ्याचं नाव तेंगीझबाय, आणि तेंगीझ म्हणजे समुद्र. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, नावातला शब्दही घ्यायचा नसतो. तेव्हा या घरात पाऊल टाकल्यापासून, समुद्राच्या काठावर राहून, समुद्राला समुद्र ती कधी म्हणाली नव्हती. सासरा जाऊनही जमाना झाला. साहेब लोकांपुढे ती जपून 'कास्पी', म्हणजे कॅस्पियन, असं म्हणायची, नकाशावर असतं तसं, आणि कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. पण बोलण्याच्या ओघात, छान चाललेल्या बोलण्यात, घरातला शब्द निसटला. सगळ्या किनाऱ्यावर 'मोठं पाणी' म्हणणाऱ्या दोनच बायका. एक ती आणि एक तिची थोरली जाऊ.

"ताई," आवाज आता वेगळाच झाला होता, अदब गळून पडलेली, नुसता आनंद, "तुम्ही तेंगीझबाय आजोबांच्या सूनबाई का हो? अहो, बाल्झान आजी, तुमच्या सासूबाई, माझ्या आईची सख्खी मावशी! म्हणजे तुम्ही माझ्या मामी! लहानपणी तुमच्याकडे आलो की आम्ही पोरं तुम्हाला चिडवायचो, मामी, ते समोर काय आहे सांगा, सांगा ना... आणि तुम्ही म्हणायचात, मोठं पाणी!"

"असेल," ती म्हणाली.

"असेल काय! थांबा हां. पलंग, शिवणयंत्र... म्हणजे तुम्हीपण येताय आक्ताउला! वा!"

"हे बघ बाळा, कुणाला सांगू नकोस एवढ्यात. घरी अजून—"

"मी कुणाला सांगतोय, मामी? फोन स्पीकरवर आहे. आई इथेच बसलीये, तिनं ऐकलंसुद्धा. ती बघा, लावलाच तिनं आजीला फोन."

फोन ठेवल्यावर उलबोसिननं फडकं घेतलं आणि तिजोरी पुसायला लागली. आधी माथा, मग कडा, मग दरवाजाचं चाक. घरी जायला हवं होतं. आत्ता पळत गेलं तरी—पण पळत जाऊन काय, फोन पळण्याआधी पोचलेला. तिला भीती वाटायला हवी होती आणि ती वाट बघत होती की वाटेल, पण मन नुसतं दूर उभं राहून बघत होतं, एक बाई तिजोरी पुसतेय. म्हातारी आता काय करत असेल? लोकरीचा गुंडा मांडीवर, फोन कानाला उलटा लावलेला, "हां? हां?" ओरडत असेल. मग फोन ठेवेल. मग?... रडणार नाही. देमेउ गेला तेव्हा गाव रडलं, आलेल्या बायका दारात गळ्यात पडून हंबरल्या, आणि म्हातारी भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना बसायच्या जागा दाखवत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या माणसाजवळ बसता येतं. तेव्हापासून आठ वर्षं दोघी एका छपराखाली राहिल्या त्या चहाच्या पेल्यावरून, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि बोलणं काय तर पीठ संपलं, वारा फिरला, थोरल्याची बायको आळशी आहे. ती मला धरून राहिलीये, उलबोसिनला वाटायचं. मी उठले तर ही पडेल. आणि हे ओझं तिला कुणी दिलं होतं? तसं कुणीच नाही. तिला कधी कुणी काही दिलं नाही आणि कधी काही विचारलंही नाही. तिचं नावच मुळी पुढच्या बाळासाठी ठेवलेलं, उलबोसिन, म्हणजे आता मुलगा होऊ दे, आणि झालाही तो, आणि सगळे त्याच्याकडे वळले. लग्न ठरलं ते तिला शेजारणीकडून कळलं. साहेबही काय म्हणाले? येताच आहात.

चाक पुसून झालं तेव्हा ट्रक आला. कोझानचाच. ती खिडकीतून बघत राहिली. पुढच्या सीटवर पांढरा रुमाल बांधलेलं लहानसं डोकं होतं, आणि कोझान दार उघडून, कमरेत वाकून, म्हातारीला देवाला उतरवावं तशी खाली उतरवत होता. मखमली जाकीट घातलं होतं तिनं, सणाचं. मागे ट्रकमध्ये गाठोडी होती. एक, दोन... उलबोसिननं मोजायचं सोडून दिलं. हिला घराबाहेर काढलं की काय कुणी? की हिनंच माझं सामान बांधून आणलंय, जा म्हणून तोंडावर फेकायला? ते बरं होईल. फेकू दे. फेकलं म्हणजे सुटलं.

म्हातारी आत आली आणि आधी ऑफिस बघून घेतलं तिनं. छत, पडदे, तिजोरी. इतकी वर्षं गावात असून ती इथे पहिल्यांदाच आली होती.

"हिच्यात काय आहे?"

"काही नाही, आपा. रिकामी आहे."

"मग पुसतेस काय एवढी?"

कोझान दारात उभा राहून छतातल्या कोळिष्टकांचा अभ्यास करत होता. म्हातारीनं त्याच्याकडे न बघता हात झाडला, तसा तो बाहेर गेला, पण फार लांब नाही.

"बुधवारी निघायचं," म्हातारी खुर्चीवर बसत म्हणाली. खुर्ची टक् करून एका अंगाला कलली. "मंगळवार नको, मंगळवारी कुणी घर सोडत नाही. त्या पोराला फोन करून सांग. आणि किती खोल्या आहेत म्हणालीस?"

"मी म्हणाले नाही, आपा."

"मग आता म्हण."

"एक."

"पुरे झाली. मी काय लोळणार आहे की काय? माझं अंथरूण खिडकीशी नको, बाकी कुठेही घाल. वारा नको मला आता. आयुष्यभर वारा खाल्ला."

उलबोसिन फडकं हातात घेऊन उभी होती. तिला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि पाचव्या मजल्यावरची ती खोली, ती रिकामी, दिवा लावलेली खोली डोळ्यांसमोर आली आणि भिंतीशी एक अंथरूण आलं, त्यावर लोकरीचा गुंडा, एक खोकला. राग उठला, खराखुरा, गरम. मी काय पाप केलंय? एक पेला चहा मागितला मी.

"आपा, तुम्हाला इथलं सोडून... करमेल का?"

"इथलं?" म्हातारी हसली. दात नसलेलं, आवाज नसलेलं हसणं. "मी वरच्या पठारावरची मुलगी. घोड्यांमधली. इथे आणून टाकली मला, तेव्हापासून मासा दिसला की मळमळतं. अजून मळमळतं. तुझ्या सासऱ्याला कधी बोलले नाही. तो कुठं विचारणार होता? मग पोरं झाली. मग म्हटलं, देमेउ शहरात नोकरी बघेल, त्याच्याबरोबर सुटू. तर त्याला इथलीच हवा गोड. तो गेल्यावर म्हटलं, आता ही तरी निघेल. तर तू आपली रोज सकाळी चाव्या घेऊन इकडे! म्हटलं हिला नवऱ्याची कबर सोडवत नाही. आता हिला एकटीला टाकून मी कुठं जाऊ? बसले. आठ वर्षं तुझ्यापायी या वाऱ्यात बसले, बाई."

"माझ्यापायी?"

"मग काय थोरल्याच्या बायकोपायी?"

बाहेर कोझान खोकला. म्हातारीनं रुमालाचं टोक चाचपलं, जागेवर होतं ते पुन्हा जागेवर बसवलं. मग तिनं सुनेकडे बघितलं. नीट बघितलं, सुईत दोरा ओवताना बघायची तसं, डोळे बारीक करून.

"एक पलंग सांगितलास त्याला," ती म्हणाली. "भाची म्हणाली. एकच."

उलबोसिन फडक्याची घडी घालत राहिली.

"मनात दुसरं काही असेल तर आत्ता सांग. गाडीत बसल्यावर नको. मला न्यायचं नसेल तर मी रडणार नाही, थोरल्याकडे जाईन, त्याच्या बायकोला शिव्या देत सुखानं मरेन. ती गाठोडी जिथनं आणली तिथं जातील. कोझानला काय, त्याला उचलायलाच हवंय. तर बोल. येऊ, का तुला एकटीला जायचंय?"

एकटीला जायचंय. वाक्य तयार होतं, किती दिवसांचं तयार, घासून-पुसून ठेवलेलं. नुसतं तोंड उघडायचं होतं. तिनं उघडलंही. पण त्या वाक्यातली म्हातारी वेगळी होती, भिंतीला धरून बसलेली, हलवली तर पडणारी, आणि समोर ही कुणी तिसरीच, मासा न आवडणारी, गाठोडी बांधून आलेली, घोड्यांमधली मुलगी, हिच्यासाठी वाक्य केलेलं नव्हतं. राग शोधला तर होता, जागच्या जागी, पण तो आता म्हातारीवर नव्हता. कुणावर होता ते कळेना, त्या आठ वर्षांवर असेल, त्या दोन दोन घोटांवर असेल. 'या' म्हणावं का? तेही खरंच होतं. आणि 'नका येऊ' हेही तितकंच खरं होतं, त्या खोलीची ओढ तसूभरही कमी झाली नव्हती. दोन्ही वाक्यं जिभेवर शेजारी शेजारी उभी होती आणि ती एकेकाकडे बघत होती, घाई नव्हती, आणि ही घाई नसणंच तिला इतकं अनोळखी होतं की हातातलं फडकं खाली ठेवायचंही तिला सुचेना. म्हातारी, जी कधी चहासाठीसुद्धा थांबली नाही, ती त्या कलत्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. उलबोसिनला उत्तर ठाऊक नव्हतं. पण तिला विचारलं होतं, आणि विचारणारी थांबली होती.